कोरीवकामाआधी चामडं भिजवायचं तरी किती?

पानगळ | ८ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

आई ३१ जुलैला शाळेतून निवृत्त होतेय. ३६ वर्षांची नोकरी. तिच्यासाठी चामड्याचं वहीकव्हर करायचं मनात आहे. वर आंब्याची डहाळी कोरायची, चार पानं आणि दोन कैऱ्या. लिनोवर (छापे काढायच्या मऊ लिनोलियमवर) मी बरीच वर्षं कोरतेय, त्यामुळे चाकू हातात बसलेला आहे.

धारावीतल्या एका दुकानातून 'शुद्ध लेदर' म्हणून तपकिरी, मऊ तुकडा आणला. व्हिडिओत दाखवतात तसं ओल्या स्पंजनं पुसलं, स्विव्हल नाइफनं (फिरत्या पात्याच्या चाकूनं) रेघा मारल्या आणि बेव्हलर, म्हणजे रेघेची कड दाबायचा ठसा, ठोकला. ठोकला की खळगा पडतो, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत तो वर आलेला असतो. दुसरा तुकडा बादलीत तासभर बुडवला, तर पोतेऱ्यासारखा लुळा पडला. तिसरा वाफेवर धरला, तो आक्रसला.

कोरण्याआधी चामडं किती भिजवायचं, किती वेळ ठेवायचं, आणि आता कोरायला घ्यावं हे ओळखायचं कसं? कुणी दहा मिनिटं सांगतं, कुणी रात्रभर. मिनिटांनी माझं भागत नाहीये. हाताला कळेल अशी खूण कुणी सांगेल का?

दाभण | ८ जून, रात्री १०.५५

ताई, भिजवण्याचं राहू द्या जरा. एक कोपरा धारदार पात्यानं सरळ कापा आणि कापलेली कड उजेडात बघा. आतला रंग कोणता आहे?

पानगळ | ८ जून, रात्री ११.१०

वरून तपकिरी. आत मात्र निळसर राखाडी, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा.

दाभण | ८ जून, रात्री ११.४०

मग तुमच्या हाताची चूक नाही, चामडंच या कामाचं नाही. ते क्रोमनं कमावलेलं आहे. क्रोमियमच्या क्षारांत कातडं झटपट कमावून होतं, मऊ राहतं, आणि दाबलं की परत उसळी मारतं. बूट, पर्स, जॅकेट, सोफा यांना तोच गुण हवा असतो. कोरायला लागतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. बाजारात त्याला व्हेज टॅन म्हणतात. सालीतलं टॅनिन चामड्याच्या तंतूंत भरून बसतं. त्यामुळे ओलं असताना ते मातीसारखं दबतं आणि वाळल्यावर तो दाब सोडत नाही. त्याची कड आरपार खाकी किंवा तांबूस दिसते.

आता दुकानात गेलात की आधी कड बघा, मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर वर मेण किंवा रंगाचा थर आहे. कोऱ्या व्हेज टॅनमध्ये थेंब लगेच शिरतो आणि ती जागा गडद होते. त्या ओल्या जागी नख दाबा. खूण राहिली पाहिजे.

दुकानदार खोटं बोलला असं मात्र म्हणणार नाही. क्रोमचं चामडंही खरंच चामडं असतं. आपण मागताना नेमकं मागायला हवं: 'कोरीवकामाला हवंय, व्हेज टॅन, रंग न दिलेलं, तेल न पाजलेलं, दोन-अडीच मिलिमीटर.'

आणि वाफेवर पुन्हा धरू नका, हात जोडून सांगतो. व्हेज टॅनसुद्धा साधारण ७० अंशांच्या पुढे आक्रसायला लागतं. पाणी साधं घ्या, फार तर कोमट.

रानभूल | ९ जून, सकाळी ७.१५

शीर्षकात 'भिजवायचं किती' एवढंच दिसलं आणि काबुली चण्यांबद्दल सांगायला धावत आले. आता आलेच आहे तर वाचत बसते. कड कापून आतला रंग बघायचा असतो हे आज कळलं. घरातल्या तीन पट्ट्यांच्या कडा बघून झाल्या, तिन्ही निळ्या!

टेक्ससकर | ९ जून, सकाळी ८.०५

मी फोर्ट वर्थजवळ राहतो. या गावात चामडेकामाचं सामान विकणाऱ्या टँडीची सुरुवात १९१९ साली झाली. इथं खोगिरावर फुलं कोरणं ही रोजची कला आहे, आणि मी सहा-सात वर्षं शनिवारच्या वर्गाला जातोय. सेंट लुइसच्या हर्मन ओक टॅनरीचं चामडं इथले खोगीरवाले डोळे मिटून घेतात. ती १८८१ पासून सालीतच कमावतेय.

इंग्रजी व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. तिकडे जाडी औंसात मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. व्हिडिओतला माणूस आठ-नऊ औंस म्हणतो तेव्हा त्याच्या हातात सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटरचं चामडं असतं. ते खोलवर दबतं. दोन मिलिमीटरवर तेवढा उठाव येत नाही, म्हणून आपलं चुकलं असं समजू नये.

भिजवण्याबद्दल: आमचे गुरुजी तुकडा ताटात बुडवतात, बुडबुडे थांबले की काढतात, आणि वरचा रंग जवळजवळ मूळचा होईपर्यंत टेबलावर ठेवतात. बस. प्लॅस्टिक नाही, फ्रिज नाही.

दाभण | ९ जून, सकाळी ९.३०

@टेक्ससकर, वर्गात वेळ कमी असतो म्हणून ते चालतं. बुडवून लगेच घेतलेलं चामडं वरून वाळतं आणि पोटात चिंब असतं. वरचा पापुद्रा कोरडा, खाली चिखल, मग चाकू एकदा अडतो आणि एकदा घसरतो. मी दोन्ही बाजूंनी स्पंज फिरवतो, आधी मागच्या खरबरीत बाजूनं. रंग मूळचा व्हायला लागला की झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवतो. सकाळी सगळीकडे ओल सारखी असते. चार तास काम करून बघा, फरक हाताला कळतो.

टेक्ससकर | ९ जून, सकाळी ९.५०

छोट्या तुकड्याला, किल्लीच्या बिल्ल्याला वगैरे, रात्रभर थांबायची गरज नाही यावर मी ठाम आहे. मोठ्या कामाचं करून बघितल्याशिवाय मानणार नाही.

पायताण | ९ जून, रात्री ९.४५

मी कोल्हापूरचा. घर चर्मकाराचं. आजोबा आणि वडील दोघंही पायताण करायचे, मी बँकेत लागलो, पण रविवारी अजून पाट्यावर बसतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडं 'टॅनिंग' कुणी म्हणत नव्हतं. 'कातडं कमावणं' म्हणायचे. ते काम ढोर समाजातली माणसं करायची आणि त्यांच्याकडनं चामडं आमच्याकडं यायचं. चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा. आजोबांच्या वेळी कातड्याची पिशवी शिवून, आत सालीचा चुरा आणि पाणी भरून टांगायचे. ते पाणी कातड्यातनं झिरपत राहायचं. खाली गळलेलं परत वर ओतायचं, पिशवी उलटी करून पुन्हा भरायची. कित्येक दिवसांचं काम. त्या चामड्याला एक आंबूस-तुरट वास असतो. लहानपणी त्या वासानंच मला घर जवळ आल्याचं कळायचं.

आता भिजवण्याचं. आमच्या दारात दगडी डोण होती. आजोबा संध्याकाळी चामड्याचा तुकडा डोणीत बुडवायचे, उभा धरून निथळवायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि वर पाट ठेवायचे. पहाटे सोडायचे. सोडला की पहिली गोष्ट म्हणजे तुकडा गालाला लावायचे. बोटाला नाही, गालाला. बोटं राठ झालेली असतात, त्यांना कळत नाही. दिसायला कोरडा आणि गालाला गार लागला, की ठसे मारायला घ्यायचा. गालाला ओला लागला तर परत गोणपाटावर पसरून ठेवायचा. दिसायलाही कोरडा आणि गालालाही कोमट, तर गेला, परत पाणी.

ताई, तुम्ही खूण मागितली होती. आमच्या घरची खूण ही.

मोगरी लाकडीच घ्या. लोखंडी हातोडीनं ठसा मारला तर दांड्याचं डोकं फुगतं आणि दणका मनगटात बसतो. खाली जाड दगड पाहिजे. लाकडी पाटावर अर्धा मार पाटच खातो.

रानभूल | ९ जून, रात्री १०.१०

गालाला लावायची खूण वाचून अंगावर काटा आला. दादा, आजोबांबद्दल अजून लिहा.

पानगळ | ९ जून, रात्री १०.३०

पायताणदादा, दाभण, टेक्ससकर, तिघांचेही आभार. आधी चामडं शोधते. कोल्हापुरात सुटं मिळेल का?

पायताण | १० जून, सकाळी ६.५०

मिळेल, पण सांभाळून. आमच्याकडचं बरंचसं म्हशीचं. म्हशीचं दाणेदार असतं, तळाला एक नंबर, पण तुमची नाजूक पानं त्या दाण्यात हरवतील. बैलाचं चामडं दाण्याला बारीक असायचं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर राज्यात ते मिळणं जवळजवळ थांबलं, आता बाहेरनं येतं ते. कमावणारी घरंही कमी झालीत. २०१९ ला चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार धरून. २०२५ ला तर मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच पायताणं दिसली म्हणून गावभर चर्चा झाली. चपलेचं नाव होतंय याचा आनंदच आहे. पण चामडं कमावणारा माणूस हिरड्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभा असतो, त्याचं नाव कुणीच घेत नाही, हे मला टोचतं. त्याच्या हाताशिवाय आमच्या ठशाला काडीची किंमत नाही.

गंगेकाठी | १० जून, दुपारी १.२०

मी नोकरीनिमित्त कोलकात्यात. शांतिनिकेतनी पर्स आणि बटवे आपल्याकडच्या प्रदर्शनांत सगळ्यांनी बघितले असतील. ते कामही याच जातीचं. पातळ शेळी-मेंढीचं सालीत कमावलेलं चामडं ओलं करतात, त्यावर नक्षी उठवतात आणि मग हातानं रंग भरतात. रथींद्रनाथ आणि प्रतिमा देवी यांनी तिकडे ही कला रुजवली. तिलाही भौगोलिक मानांकन आहे.

त्यासाठीचं चामडं बहुतेक दक्षिणेतून येतं. 'ई. आय. टॅन्ड' (ईस्ट इंडिया टॅन्ड) नावानं विचारा. तमिळनाडूत ते पूर्वी आवारमच्या सालीत कमवायचे. आवारम म्हणजे आपला तरवड. माळरानावर पिवळ्या फुलांचा असतो ना, तोच! आता बाभळीच्याच जातीच्या वॅटल झाडाचा अर्क जास्त वापरतात. मात्र घेताना थेंब टाकून बघाच. बरेचदा त्याला तेल पाजलेलं असतं, मग ते पाणी नीट घेत नाही.

जाड हवं असेल तर कानपूर. तिथं घोड्याच्या खोगिराचं, लगामाचं चामडं करतात.

काजळी | १० जून, दुपारी ३.४०

तरवड! आमच्या आजीचा तरवडाच्या फुलांचा काढा आठवला. चामड्याशी त्याचं नातं असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

कोकणविहीर | ११ जून, सकाळी ११.००

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह फार, बादलीच्या कडेला तांबडा थर बसतो. त्यात भिजवलेलं माझं पहिलं चामडं संध्याकाळपर्यंत मळकट जांभळट झालं. आता पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरते.

पानगळ | २१ जून, रात्री ९.००

प्रगतिपुस्तक घेऊन आले आहे. कानपूरचं चामडं मिळालं, २.२ मिलिमीटर, रंग ओल्या बिस्किटासारखा. कड आरपार खाकी. थेंब लगेच आत. नखाची खूण राहिली. मी नाचायचीच बाकी होते.

काल सकाळी दोन्ही बाजूंनी स्पंज फिरवला. थोडा पाऊस होता, खोलीत दमट. अर्धा तास थांबले आणि घेतलं कोरायला. चाकू लोण्यात गेल्यासारखा गेला, इतका सहज की मला बरंच वाटलं. पण ठसा मारला की ठशाच्या कडेनं पाणी वर येतंय. पानाची शीर ठळक दिसायच्या ऐवजी फुगीर, गोलसर झाली. व्हिडिओत ठसा उठतो तिथं गडद तपकिरी सावली येते, ती माझ्याकडे आलीच नाही.

आणि दुसरं संकट. सगळीकडे बारीक काळे ठिपके! मिरी सांडल्यासारखे. हे काय झालं?

दाभण | २१ जून, रात्री ९.२५

काम करायच्या आधी ओटा किंवा टेबल कशानं घासलं होतं?

पानगळ | २१ जून, रात्री ९.३०

ग्रॅनाइटची लादी तारेच्या घासणीनं. अरे देवा.

दाभण | २१ जून, रात्री १०.००

तेच. घासणीचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे लादीवर राहिले. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आले की शाईच तयार होते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून काळा रंग करायची जुनी रीत आहे, तुमच्या पानांवर नेमकं तेच घडलं. कोकणविहीर यांच्या बोअरच्या पाण्याचाही हाच प्रकार.

ठिपक्यांवर लिंबाचा रस कापसानं टिपा. फिके होतील, बरेचसे जातील. मग साध्या पाण्यानं तो सगळा भाग एकसारखा पुसा, नाहीतर लिंबाचा वेगळा डाग राहतो. यापुढे भिजवायला काच, प्लॅस्टिक किंवा स्टीलचं भांडं. लोखंडी घमेलं, तवा, कढई यांना चामडं लावायचं नाही. पत्र्याच्या कात्रीचा चुरासुद्धा झटकून टाका.

सावली न येण्याचं कारण एकच. पाणी जास्त होतं. ओल बरोबर असली की ठशाखाली तंतू घट्ट दबतात आणि तेवढी जागा आपोआप गडद होते. चिंब असेल तर तंतू नुसते बाजूला सरकतात. आणि चाकू लोण्यात गेल्यासारखा जाणं ही खरी खूण नाही, फसवी आहे. किंचित रोध लागला पाहिजे.

पानगळ | २१ जून, रात्री १०.२०

लिंबू चोळलं. ठिपके पंधरा मिनिटांत फिके! पण किंचित रोध म्हणजे किती, दिसायला कोरडं म्हणजे किती कोरडं, इथंच माझं अडतंय. पावसाळ्यात गालाला सगळंच गार लागतं.

काळीमाती | २२ जून, सकाळी ५.४०

मी परभणीकडचा शेतकरी. चामड्यातलं काही कळत नाही. मुलीनं हा धागा वाचायला दिला. तुम्ही सगळे ज्याच्याभोवती फिरताय त्याला आमच्याकडं शब्द आहे. वाफसा.

पाऊस पडून गेला की लगेच रान धरता येत नाही. चिखल असतो, औत रुततं, मातीचं ढेकूळ होतं. उशीर झाला तर वरून कवच धरतं, फाळ टणकतो. मधे एक वेळ अशी येते की वरची माती मोकळी दिसते आणि खाली ओल असते. जास्तीचं पाणी निथळून गेलेलं असतं आणि मातीत पाणीही असतं, हवाही असते. तो वाफसा. त्या वेळी पेरणी.

ओळखायचं कसं विचाराल, तर आम्ही मूठभर माती घेऊन दाबतो. मूठ उघडल्यावर लाडू व्हायला पाहिजे, तळहाताला चिखल लागायला नको, आणि अंगठ्यानं टोचलं की लाडू फुटायला पाहिजे. तुमच्या चामड्याला तशी मूठ शोधा. कातरणीचा एक तुकडा बाजूला ठेवा, त्याच जागी, तसाच भिजवून. त्याच्यावर बघत राहा. ज्याच्यावर पेरायचं ते रान तुडवू नये.

आणि एक. वाफसा घड्याळावर येत नाही. काळ्या रानात पाच दिवस लागतील तर मुरमाड रानात दुसऱ्या दिवशी येतो.

पायताण | २२ जून, सकाळी ६.३०

दादा, पाया पडतो. आजोबा गालाला लावून जे बघायचे त्याला नाव नव्हतं आमच्याकडं. आज मिळालं.

टेक्ससकर | २२ जून, सकाळी ८.००

इंग्रजीत याला 'केसिंग' म्हणतात, आणि शनिवारी वर्गात नव्या मुलांना ते समजावताना माझी दमछाक होते. आता वाफसाच सांगणार. सोबतच्या तुकड्याची युक्तीही भारी आहे. इथं कोरड्या हवेत तुकडा वीस मिनिटांत हाताबाहेर जातो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात दोन-दोन तास वाट बघावी लागेल.

दाभण, तुमच्या रात्रभरच्या पिशवीला मी इतके दिवस विरोध करत होतो. खोगिराच्या मोठ्या पाखीवर काल करून बघितलं. कडेपासून मधल्यापर्यंत ठसे एकाच रंगाचे आले. माझा विरोध मागे.

सह्यधार | २२ जून, दुपारी १२.१५

पिशवीबद्दल सावधगिरी! मागच्या जुलैत मी ओलं चामडं पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि ताप आल्यामुळे पाच दिवस विसरलो. उघडलं तर हिरवी-पांढरी लव, आणि वास असा की आईनं खोलीच बंद केली. पुसून बुरशी गेली, पण खाली काळसर डाग कायमचे राहिले. पावसाळ्यात एका रात्रीच्या वर ठेवायचं असेल तर फ्रिजमध्येच. दोन-तीन दिवसांच्या पुढे काम लांबलं तर सरळ वाळवून टाका, नंतर पुन्हा भिजवा.

रानभूल | २२ जून, दुपारी १२.४०

फ्रिजमध्ये ठेवताना डब्यावर चिठ्ठी लावा बरं. आमच्या घरी कुणीतरी उत्साहानं परतायला घेईल.

बांधणीवाला | २३ जून, रात्री ८.५०

थोडं अवांतर. पुण्यात पुस्तकं बांधतो. वहीकव्हर म्हटलं म्हणून लिहितो. आमच्याकडेही चामड्यावर नक्षी असते, पण ती तापवलेल्या पितळी ठशांची, सोन्याच्या वर्खाची. तिथं चामडं असं भिजवत नाही. पाण्यानं किंवा पातळ व्हिनेगरनं नुसतं पुसतो, अंड्याच्या पांढऱ्याचा हात देतो, वर्ख ठेवतो आणि गरम ठसा टेकवतो. त्यात ओल जास्त राहिली तर गरम ठशाखाली चामडं करपून काळं पडतं. म्हणजे वाफसा आम्हालाही लागतोच, फक्त रान वेगळं.

पानगळताई, कव्हर म्हणजे घडी आली. दोन गोष्टी आधीच करा. कोरून झाल्यावर अंतिम माप कापा, आधी चारही बाजूंनी बोटभर जास्त ठेवा. ठोकल्यावर चामडं पसरतं आणि माप हलतं. दुसरं, भिजवल्यावर मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे पसरणं बरंच आटोक्यात राहतं. कण्याच्या घडीवर मात्र काही कोरू नका. ठोकलेली जागा कडक होते, तिथं तडा जाईल.

शक्यतो पाठीकडचा भाग घ्या. पोटाकडचं चामडं सैल असतं, ओलं झालं की कुठंही ताणतं.

पानगळ | २४ जून, रात्री ९.३०

नक्षी चामड्यावर उतरवायला पेन चालेल का? शाई राहील अशी भीती वाटते.

दाभण | २४ जून, रात्री ९.४०

शाई राहतेच, आणि वाळल्यावर आणखी ठसते. ट्रेसिंगचा प्लॅस्टिक कागद वर ठेवा आणि रिफिल संपलेल्या बॉलपेननं गिरवा. ओलसर चामड्यावर रेघ दाबली जाते, तेवढी पुरते. चाकू आधी चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश लावून दहा-बारा वेळा ओढून घ्या. किंचित बोथट पातंसुद्धा ओल बरोबर असताना अडतं, आणि आपण उगाच पाण्याला दोष देतो.

काजळी | २४ जून, रात्री १०.०५

मधे मधे चामडं वाळायला लागलं तर?

दाभण | २४ जून, रात्री १०.१५

स्प्रेचा हलका फवारा, पण सगळ्या तुकड्यावर. एकाच जागी पाणी टाकलं तर त्याचं वर्तुळ उमटतं. काम चालू नाही तो भाग प्लॅस्टिकखाली झाका. पंखा बंद. हेअर ड्रायरनं घाई करू नका, वरची साय वाळते आणि पोट ओलंच राहतं.

पायताण | २५ जून, सकाळी ६.४५

आवाजही ऐका. चिंब चामड्यावर मोगरी मारली की 'पच्' येतो. कोरड्यावर 'टक्'. वाफशात असेल तर 'थप्' असा भरीव आवाज येतो, नवा माठ वाजवल्यासारखा. वडील आतल्या खोलीतनं नुसत्या आवाजावर सांगायचे, 'पाणी मार जरा.' बघायलाही यायचे नाहीत.

पानगळ | २८ जुलै, रात्री ११.१५

झालं! फोटो जोडलाय.

मधले दिवस सरावात गेले. कातरणीच्या नऊ तुकड्यांवर आंब्याचं एकच पान कोरलं. प्रत्येकाच्या मागे लिहिलं: किती वाजता भिजवलं, बाहेर पाऊस की ऊन, गालाला कसं लागलं, आवाज कसा आला. पहिल्या चार पानांच्या शिरा फुगलेल्या. सहाव्यावर पहिल्यांदा सावली आली. आठवं आणि नववं पान सारखंच आलं तेव्हा मोठं चामडं काढलं.

शनिवारी रात्री दोन्ही बाजूंनी भिजवलं, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. सोबत कातरणीचा तुकडाही. रविवारी सकाळी काढून उघडं ठेवलं, कारण फ्रिजचा गारवा गालाला फसवतो हे आठव्या तुकड्यावर कळलं होतं. पाऊण तासानं रंग कडेकडून फिकट व्हायला लागला. तेव्हाच कोरायला बसणार होते, पण कातरणीवर एक ठसा मारून बघितला. 'पच्'. आणखी वीस मिनिटं थांबले. मग 'थप्'. चाकू फिरवला तेव्हा रेघ व्ही अक्षरासारखी उघडली आणि उघडीच राहिली. पहिल्या पानाची कड बेव्हलरनं दाबत गेले तशी मागोमाग तपकिरी सावली उमटत गेली. मी मोगरी खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बघत बसले.

डाव्या कैरीच्या देठाशी चाकू खोल गेला आहे, तो दिसतो. एक लिंबानं न गेलेला काळा ठिपका उजव्या पानावर आला असता, तिथं एक मुंगी कोरली. आईच्या वर्गात आंब्याच्या झाडावरून मुंग्या यायच्याच.

काळीमाती काका, पेरणी कशी झाली यंदा?

बांधणीवाला | २९ जुलै, सकाळी ७.३०

फोटो मोठा करून बघितला. मुंगी झकास. पूर्ण वाळायला अजून एक दिवस द्या, सावलीत, सपाट. मग तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेल पाजलंत तर इतक्या मेहनतीनं आलेली सावली बुडून जाईल.

पायताण | २९ जुलै, सकाळी ७.५०

मी दुसऱ्या कैरीवर थांबलो. तिथं ठसे एकसारखे पडलेत, हात थांबलेला नाही. आजोबांना दाखवलं असतं तर त्यांनी आधी पालथं करून मागची बाजू बघितली असती. मागचाही फोटो टाका ताई.

काळीमाती | २९ जुलै, रात्री ८.१०

सोयाबीन २७ जूनला पेरलं. चार दिवस थांबलो होतो. शेजाऱ्यांनी घाई केली, त्यांचं उगवायचं राहिलं, दुबार पेरावं लागलं. आमचं आता गुडघ्याला लागतंय. आईंना परभणीहून नमस्कार सांगा.